चार बोटं रिकामी

शेडच्या आतल्या भिंतीवर ती रोज खडूनं दोन आकडे लिहायची. डावीकडचा गाडी निघतानाचा, उजवीकडचा घाट उतरून गेल्यावरचा. डावीकडचा ती स्वतः गाडीच्या पडद्यावर बघून लिहायची, उजवीकडचा नवरा परत आल्यावर सांगायचा. ८१, ८६. ७९, ८४. ८३, ८८.

तिला हे कुणी करायला सांगितलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी दूध संस्थेनं जुना डिझेलचा टेम्पो भंगारात काढला आणि बॅटरीवरचा दिला. पहिल्याच दिवशी नवरा घरी आला आणि हातपाय न धुता म्हणाला, "अगं, घाट उतरून गेलो तर बॅटरी वाढलेली."

"वाढलेली?"

"निघताना ऐंशी होती. खाली पंच्याऐंशी."

"नीट बघितलं का?"

"मग काय डोळे मिटून चालवतो?"

दुसऱ्या दिवशी तिनं खडू घेतला. आठवडाभर आकडे लिहिल्यावर तिची खात्री पटली. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर उलटी राबायची, चाकांना धरून ठेवायची आणि धरता धरता बॅटरीत भर घालायची. पडद्यावर तेवढा वेळ एक हिरवा बाण लागायचा. गाव पठारावर, दुधाचं शीतकेंद्र खाली. भरलेली गाडी उतरायची, रिकामी चढायची. उलट असतं तर हे जमलं नसतं, हेही तिच्या लक्षात आलं होतं.

सासऱ्यांना मात्र गाडी आवडली नव्हती. आबांनी एकतीस वर्षं त्याच घाटात डिझेलची गाडी चालवली होती. इंजिनाच्या आवाजावरून चढ किती उरला ते त्यांना डोळे मिटूनही सांगता यायचं. नवीन गाडीत ते पहिल्यांदा बसले तेव्हा बराच वेळ कान देऊन बसले आणि मग म्हणाले, "नाडीच लागत नाही हिची."

"आबा, चालू आहे ती," नवरा म्हणाला.

"गिअर नाही, क्लच नाही. डाव्या पायानं करायचं काय? ताल धरायचा?"

विजेवर चालते म्हणून गावात गाडीला मिक्सर म्हणायचे. "आला बघा मिक्सर," कुणीतरी म्हणायचं, आणि कॅन उचलणारे हसायचे. नवराही हसायचा. उतारावर गाडीला ब्रेक लागतच नाही, नुसता पाय उचलायचा, हे त्यानं सगळ्यांना सांगून झालं होतं. कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

मग डिझेल येईनासं झालं.

पंपावर आधी रांग लागली, मग दोरी बांधली गेली, मग पंपावरचा माणूसही यायचा बंद झाला. अकराव्या दिवशी घाटात एकही डिझेलची गाडी नव्हती. शेजारच्या गावचा दुधाचा टेम्पो चाकांत दगड लावून उभा होता. त्यांनी दोन दिवस बैलगाडीनं दूध पाठवून बघितलं. बैल घाट सावकाश उतरले, ऊन चढलं, खाली पोचेपर्यंत निम्मे कॅन नासले. गॅसवर चालणारी तीनचाकी एकाची होती. त्याला सगळे गॅसवालाच म्हणत. त्याचा पंप चाळीस किलोमीटरवर. "गॅस भरायला जाऊन यायचं तर अर्धा गॅस रस्त्यातच जातो," तो सांगायचा. "उरलेल्या अर्ध्यात काय दूध नेऊ, की स्वतःला नेऊ?"

संस्थेचे सेक्रेटरी स्वतः घरी आले. आजवर ते कधी आले नव्हते. पायरीवर बसून पाणी प्यायले.

"शेजारच्यांचंही दूध घ्यावं लागेल," ते म्हणाले. "अकरा कॅन तुमचे, दहा त्यांचे. झेपेल का?"

नवरा थोडा थांबला. "एका फेरीत एकवीस म्हणजे—"

"झेपेल म्हणजे?" आबा आतूनच म्हणाले. ते बाहेर आले, दाराला टेकून उभे राहिले. "झेपेल. काढून बघा. मागं मी बसतो, कॅन धरायला."

आठ महिन्यांत पहिल्यांदाच आबा त्या गाडीच्या बाजूनं बोलले होते. सेक्रेटरी गेल्यावर ते शेडमध्ये गेले आणि गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारून आले.

गावात वीज दुपारी चार तास यायची. तेवढ्यात बॅटरी ऐंशीच्या आसपास जायची आणि वीज जायची. त्या आठवड्यात वेळापत्रक बदललं. दुपारचीही आली, पहाटेचीही आली. ती पहाटे उठली, अंगणात आली, शेडमधला दिवा लागतो का ते बघितलं आणि लगेच चार्जरची वायर गाडीला लावली. दुप्पट ओझं होतं. दोन गावांची नजर होती. वाटेत बॅटरी संपली असती तर मिक्सर म्हणणारे उभं राहू देणार नव्हते.

मग ती कॅन भरायला बसली. कॅन कधी गळ्यापर्यंत भरायचा नाही, हे ती लग्न होऊन आली तेव्हा सासूनं शिकवलं होतं. चार बोटं रिकामी ठेवायची. गाडीत दूध हिंदकळतं, त्याला हलायला जागा लागते. गळ्यापर्यंत भरलेल्या कॅनचं झाकण वर उडतं. ती प्रत्येक कॅनमध्ये हात घालून चार बोटं मोजायची, मगच झाकण दाबायची.

अकरा झाकणं दाबून ती शेडमध्ये गेली तेव्हा पडद्यावर तीन अंक होते. आठ महिन्यांत तिनं तिथं दोनच अंक पाहिले होते.

"अहो," तिनं हाक मारली. "शंभर!"

"काय शंभर?"

"बॅटरी. शंभर झाली."

नवरा येऊन बघून गेला. आबाही आले. "टाकी फुल्ल," ते म्हणाले आणि मागच्या फळीवर चढून बसले.

तिनं भिंतीवर १०० लिहिलं. रोजच्यापेक्षा मोठं. खाली दोन रेघा ओढल्या.

घाटाच्या तोंडाशी एक टेकाड होतं. तिथून पहिली तीन वळणं दिसत. शेजारच्यांनी घाटाच्या तोंडाशी आणून ठेवलेले दहा कॅन चढवून गाडी घाटाला लागेपर्यंत ती टेकाडावर पोचली होती. रोज जात नसे. आज गेली. गाडी पहिल्या वळणावर नेहमीसारखी वळली. दुसऱ्यावर तिचे मागचे लाल दिवे लागलेले दिसले. ती जरा पुढं झुकली. उतारावर लाल दिवे लागलेले तिनं पूर्वी पाहिले नव्हते. तिसऱ्या वळणापर्यंत दिवे लागलेलेच होते. मग गाडी दिसेनाशी झाली.

आवाज फार मोठा नव्हता. पत्र्याचा लांबलचक खरडल्यासारखा आवाज आला, मग कॅन एकामागून एक आपटल्याचे. ते तिनं मोजले, कारण दुसरं काही सुचेना. नऊ आले. मग काहीच आलं नाही.

ती धावत खाली गेली. चप्पल कुठं राहिली ते नंतरही सापडलं नाही. चौथं वळण ओलांडल्यावर दूध दिसलं. पाचव्या वळणापासून खालचा रस्ता पांढरा झाला होता आणि पांढरेपणा हळूहळू पुढं सरकत होता. कडेनं दोन कुत्री चाटत चाटत त्याच्याबरोबर खाली चालली होती.

गाडी डोंगराच्या बाजूला होती. डावं अख्खं अंग गटारात आणि दरडीत घुसलं होतं. दुसऱ्या बाजूला दरी होती, ती रिकामी होती. नवरा रस्त्यात उभा होता. त्याच्या हातात एका कॅनचं झाकण होतं. ते त्यानं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं.

"लागलं का?" तिनं विचारलं.

तो तिच्याकडे बघत राहिला. "धरलीच नाही," तो म्हणाला.

"काय?"

"गाडी. धरलीच नाही तिनं."

आबा मागच्या फळीखाली होते. दोन कॅन त्यांच्या डाव्या नडगीवर पडले होते. ती कॅन ढकलायला गेली आणि थांबली, कारण गुडघ्याखाली जिथं पाय सरळ असायला हवा तिथं तो सरळ नव्हता. आबांचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. त्यांच्या भुवयांवर दूध होतं. तिनं आधी ते पुसलं. दुसरं काय करायचं ते तिला कळेना.

दवाखान्यात प्लॅस्टर घालताना आबांना आवाज फुटला. खोलीत डॉक्टर होते, परिचारिका होती, सेक्रेटरी होते, कॅन उचलणारे चौघे दारात होते. सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, "पाय ठेवलाच नाही त्यानं ब्रेकवर."

"आबा—" नवरा म्हणाला.

"एकतीस वर्षं मी हा घाट उतरलो. मागं बसलो म्हणून मला कळत नाही? गाडी मोकाट सुटलेली होती. नुसती सुटलेली."

"दाबला होता मी. मुळापर्यंत दाबला होता. पाय जमिनीला लागला."

"मग थांबली का नाही?"

सेक्रेटरी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून, काहीतरी हळू विचारायचं असल्यासारखे पुढं झुकले आणि बोलता बोलता नाक त्याच्या तोंडाशी नेलं. वास घेऊन ते मागं झाले. नवऱ्यानं ते ओळखलं. त्यानं तोंड बाजूला केलं नाही. थोडं उघडलंच. ती हे सगळं दारातून बघत होती.

गाडी वर आणायला दुसरं वाहन नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन बैल जुंपून ओढून आणली. वाटेवरची माणसं उभी राहून बघत होती. "मिक्सरला बैल लावले," कुणीतरी म्हणालं. या वेळी फारसं कुणी हसलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

मिस्त्री दोन दिवस शेडमध्ये होता. त्यानं वाकलेला पत्रा ठोकला, एक चाक बदललं, ब्रेक उघडून बघितले आणि तेल तपासलं. शेवटी गाडी अंगणात काढून चारदा जोरात ब्रेक मारून दाखवला. चारही वेळा गाडी जागच्या जागी थांबली.

"ब्रेकला काही धाड भरलेली नाही," तो हात पुसत म्हणाला. नवरा पायरीवर बसला होता. मिस्त्री त्याच्याकडे न बघता तिला म्हणाला, "पहाटेची वेळ असते. डोळा लागतो माणसाचा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही."

"डोळा लागला नव्हता," नवरा म्हणाला.

"बरं, नव्हता."

त्यानंतर नवरा पायरीवर बसायचा आणि समोरच्या झाडाकडे बघायचा. त्याचा उजवा पाय मात्र स्थिर नव्हता. टाच टेकलेली असायची आणि पुढचा पंजा जमीन दाबायचा. दाबून धरायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. तिथल्या मातीत एक खळगा पडला. जेवतानाही पाय चालू असायचा. त्याला ते ठाऊक आहे की नाही, ते तिला समजेना. एकदा तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. पाय थांबला. हात काढला तसा पुन्हा सुरू झाला.

"तूही सांग ना," तो एकदम म्हणाला. "झोपलो होतो म्हणून."

"मी कुठं म्हणाले?"

"मलाच आता वाटायला लागलंय. आबा सांगतात म्हणजे असेल."

सेक्रेटरींचा निरोप आला होता. सोमवारी संस्थेच्या आवारात सगळ्यांसमोर ठरवायचं होतं. गाडी परत घेऊन गॅसवाल्याला चालवायला द्यायची असं बहुतेकांचं मत होतं. गॅसवाला घाटात नवखा नव्हता आणि त्याची स्वतःची गाडी नाहीतरी उभीच होती.

निघताना मिस्त्रीनं सामान गोळा केलं आणि जाता जाता सहज म्हणाला, "बॅटरी मात्र एक नंबर आहे हं. एवढा घाट उतरला, एवढं आपटलं, तरी शंभर दाखवते. थेंबभर इकडची तिकडं नाही."

ती कॅन घासत होती. चेपलेल्या कॅनच्या खाचेत साय वाळून बसली होती, ती काडीनं काढत होती. काडी तशीच थांबली.

पाच वळणं म्हणजे घाटाच्या अर्ध्याच्या पुढं. तिथपर्यंत रोज तीन तरी वाढायचे.

ती उठून शेडमध्ये गेली. भिंतीवर डावीकडे एकाखाली एक आकडे होते. एक्याऐंशी, एकोणऐंशी, त्र्याऐंशी, ऐंशी. आठ महिन्यांत सगळ्यांत मोठा आकडा शहाऐंशी. सगळ्यांत खाली शंभर, दोन रेघा मारलेला. त्याच्या उजवीकडची जागा रिकामी होती. तिथं तिनं एकशे पाच लिहिलं असतं. एकशे पाच असा आकडाच त्या पडद्यावर नव्हता. वाढायला जागा नव्हती. जागा नव्हती म्हणून बॅटरीनं घेतलं नाही. घेतलं नाही म्हणून मोटरनं धरलं नाही.

ती खाली बसली. समोर तिचंच अक्षर होतं. शंभराचा एक तिनं झोकात काढला होता, वर छोटी शेंडी देऊन. शून्यं गोल आणि मोठी. रेघा मारताना खडू तुटला होता, त्याचा तुकडा अजून खाली पडलेला होता.

तिचा हात भिंतीकडे गेला. तळव्यानं एकदा पुसलं असतं तर आकडा राहिला नसता. डोळा लागला असं सगळ्यांनी धरलंच होतं. काही दिवसांनी नवऱ्यानंही पक्कं धरलं असतं. तिचा तळवा भिंतीला टेकला. शेवटच्या शून्याची कड पुसट झाली. तिनं हात मागं घेतला आणि पांढरा झालेला तळवा बघत बसली.

ती आधी नवऱ्याकडे गेली. "एक विचारू का? त्या दिवशी घाटात हिरवा बाण लागला होता?"

त्याची मान सावकाश तिच्याकडे वळली. "नाही," तो म्हणाला. "पाय उचलला तरी लागला नाही. वाटलं, बाणाचा दिवा गेला."

"आत चला. आबांकडे."

आबा खाटेवर होते, प्लॅस्टरचा पाय उशीवर ठेवलेला. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. बॅटरी तिनं पूर्ण भरली, म्हणून गाडी सुटली.

आबांनी ऐकून घेतलं आणि हसले. चांगलं हसू नव्हतं ते. "सूनबाई, नवऱ्याला वाचवायला काहीही सांगशील. टाकी फुल्ल असली म्हणून गाडी सुटते का? एकतीस वर्षं टाकी भरून उतरलो."

"डिझेलची गाडी उतारावर टाकीत परत काही टाकत नाही, आबा. ही टाकते."

"म्हणजे?"

ती स्वयंपाकघरात गेली, पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आली आणि दुसऱ्या भांड्यातून त्यात पाणी ओतू लागली. पाणी तांब्याच्या काठावरून खाली, जमिनीवर, खाटेच्या पायापाशी वाहत गेलं. ती ओतत राहिली.

"अगं, बस," आबा म्हणाले. "ओलं केलंस सगळं."

"हे जसं बाहेर गेलं, तसा उताराचा सगळा जोर बाहेर गेला. रोज तो बॅटरीत जायचा. त्या दिवशी जागा नव्हती. मग एवढा जोर अडवायचा कुणी? नुसत्या ब्रेकनी. त्यात एकवीस कॅन. आठ महिने त्या ब्रेकना उतारावर कामच पडलं नव्हतं."

आबा जमिनीवरचं पाणी बघत होते.

"तापले असतील ब्रेक," नवरा हळूच म्हणाला. "पहिल्या दोन वळणांना लागले. मग पाय नुसता आत जायला लागला."

आबांनी मान वर केली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. दवाखान्यातही तो इतका पांढरा नव्हता.

"वास आला होता," ते म्हणाले.

"कसला?" मुलानं विचारलं.

"जळका. तिसऱ्या वळणापासून. मला वाटलं, खाली कुणी टायर पेटवलं असेल." त्यांनी प्लॅस्टरवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. "डिझेल वाचवायला पोरं गिअर काढून घाट उतरायची, तेव्हा असाच वास यायचा. मीच शिव्या द्यायचो त्यांना. ब्रेक जाळले म्हणून." ते मुलाकडे बघत होते. "पाय ब्रेकवर असल्याशिवाय तो वास येत नाही."

मुलगा दारापाशी उभा होता.

"येतच नाही," आबा म्हणाले. "आणि मी दवाखान्यात सगळ्यांसमोर..." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. भिंतीकडे बघतच म्हणाले, "दरीकडं नाही घातलीस. डोंगराकडं घातलीस. तेव्हाच कळायला हवं होतं मला, जागा होता म्हणून."

सोमवारी आबांना खुर्चीसकट उचलून संस्थेच्या आवारात आणलं. सेक्रेटरींनी सगळं ऐकलं, टेबलावर बोटं वाजवली आणि म्हणाले, "भरलेली बॅटरी म्हणजे उलट चांगलं ना? हे म्हणजे जेवलेला माणूस चक्कर येऊन पडला असं झालं."

लोक हसले. गॅसवाला मात्र पुढं आला. त्याला गाडी मिळणार होती, म्हणून तो जास्तच लक्ष देऊन ऐकत होता. "माझी गाडी टाकी भरली तरी गिअरमध्ये धरते बुवा," तो म्हणाला. "हिला गिअरच नाही. मग हिनं धरलं नाही तर धरायचं कशानं?"

"तुम्ही बसा गाडीत," ती सेक्रेटरींना म्हणाली. "बॅटरी अजून तशीच भरलेली आहे. शाळेपासून आवारापर्यंतचा उतार. खाली वाळूचा ढीग आहे. बघा."

"चालवणार कोण?"

सगळे नवऱ्याकडे बघू लागले. तो हलला नाही. त्याच्या पायाचा पंजा चपलेत दाबत होता. तिला वाटलं, तो नाही म्हणेल. मग त्यानं खिशातून किल्ली काढली.

उतार लहान होता, मोजून दोनशे पावलं. खालून सगळ्यांना दोघं काचेतून दिसत होते. गाडी हलली, उताराला लागली आणि आवाज न करता वेग घेऊ लागली. सेक्रेटरींनी आधी हसत काहीतरी विचारलं. मग खाली, नवऱ्याच्या पायांकडे बघितलं. त्याचे दोन्ही पाय वर उचललेले होते. सेक्रेटरींचे दोन्ही हात समोरच्या डॅशबोर्डवर आपटले.

"दाब!" त्यांचा आवाज बाहेरपर्यंत आला. "अरे, दाब की!"

नवऱ्यानं ब्रेक दाबला. गाडी वाळूच्या ढिगापासून हातभर अंतरावर थांबली.

"थंड आहेत तोवर लागतात," तो काच खाली करून म्हणाला. इतक्या दिवसांत इतक्या माणसांपुढं तो पहिल्यांदाच बोलला होता. "दोन-तीन वळणं दाबून तापले की नाही लागत. आणि बाण बघितलात? नाही लागला."

सेक्रेटरी उतरले. मग ऑफिसात गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला आणि गाडीबरोबर आलेलं पुस्तक घेऊन आले. मळू नये म्हणून आठ महिने ते कुलपात होतं. वरचं प्लॅस्टिकही फोडलेलं नव्हतं. त्यांनी ते दातांनी फोडलं. पानं उलटली. एका पानावर थांबले, चष्मा वर केला, खाली केला. बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. त्यांनी त्या मोठ्यानं वाचल्या नाहीत.

"पूर्ण भरली कुणी?" त्यांनी विचारलं.

"मी," ती म्हणाली.

आवारात कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "बाईमाणसानं गाडीला हात लावायचाच कशाला?"

"झेपेल असं मी म्हणालो होतो," आबा खुर्चीतून ओरडले. त्यांचा आवाज फाटला. "एकवीस कॅन मी घ्यायला लावले. आणि पुस्तक कपाटात कुणी ठेवलं होतं? तिचा एकटीचा हात कशाला मोजता?"

सेक्रेटरींनी पुस्तक मिटलं आणि तिच्या हातात दिलं. "उद्यापासून अकराच कॅन," ते नवऱ्याला म्हणाले. "शेजारच्यांचं बघू काय ते." गॅसवाल्यानं खांदे उडवले. जाताना त्यानं गाडीच्या चाकापाशी वाकून वास घेतला आणि मान हलवत निघून गेला.

घरी आल्यावर ती शेडमध्ये गेली. पुस्तक कोनाड्यात ठेवलं. नवरा तिच्या मागून आला आणि भिंतीसमोर उभा राहिला. डावीकडची आकड्यांची ओळ तो वरपासून खालपर्यंत वाचत गेला आणि शंभरापाशी थांबला.

"बोला काहीतरी," ती म्हणाली.

त्यानं त्या दोन रेघांवरून बोट फिरवलं. बोटाला खडू लागला. "आकडा छान काढलायस," तो म्हणाला.

तिला रडू फुटलं. आठवडाभर ते कुठं होतं कुणास ठाऊक. तो तिथंच उभा राहिला. तिच्या पाठीवर हात ठेवायला त्याला थोडा वेळ लागला, आणि तो वेळ तिनं मोजला. मग हात आला.

"पुसू का?" तिनं विचारलं.

"राहू दे. दिसायला पाहिजे."

त्यानं जमिनीवरचा तुटका खडू उचलून तिला दिला. तिनं चार्जरच्या बटणाशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर ८५ लिहिलं, आणि खाली जरा विचार करून चार आडव्या रेघा काढल्या, चार बोटं ठेवावीत तशा.

दुपारची वीज आली. चार्जरचा दिवा लागला, पण बॅटरीत भरायला जागा नव्हती; उद्या घाटाला लागण्याआधी गाडी पठारावर फिरवून ती उतरवावी लागणार होती. आतून आबा विचारत होते, बाण लागला नाही तर काय करायचं ते पुस्तकात लिहिलंय का, वाचून दाखवा. ती कोनाड्यातलं पुस्तक घ्यायला वळली, तेव्हा तिची नजर खाली गेली. नवरा गाडीला टेकून उभा होता. त्याचा उजवा पाय मातीवर नुसता टेकलेला होता.